अवसेच्या रविवारची सभा

त्या सभेची तारीख मी ठरवली होती. समितीत आम्ही चौघं होतो आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलेलं आहे. ते लिहिलंही मीच. पण कॅलेंडरवर बोट ठेवून "हा रविवार मोकळा दिसतो" असं म्हणणारा मी होतो, हे इतक्या वर्षांनी तरी स्वच्छ लिहून ठेवायला हवं.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. किनाऱ्यावरचं अणुवीज केंद्र दुरुस्तीसाठी काही महिने बंद होतं आणि ते लवकरच पुन्हा सुरू होणार असं वर्तमानपत्रांत येऊ लागलं होतं. आमच्याकडे, ठाण्यापासून कल्याणपर्यंत, यावर लोक तावातावाने बोलत. मानपाड्याच्या बाजूला कारखाने होते, तिथे वीज गेली की यंत्रं थांबायची आणि माणसं बाहेर येऊन चहाच्या टपरीवर उभी राहायची. त्यांना केंद्र उद्या सुरू व्हावं असं वाटे. दुसरीकडे, परदेशातल्या अपघाताच्या बातम्या वाचून धास्तावलेले लोकही खूप होते. म्हणून आमच्या सरांनी ठरवलं की नौपाड्यात एक जाहीर सभा घ्यायची. बाजू घ्यायची नाही. लोकांना ऐकू द्यायचं आणि विचारू द्यायचं.

सर म्हणजे माझे कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. माझ्यावर त्यांचे उपकार फार मोठे. मी तालुक्याच्या शाळेतून आलेलो, घराण्यातला पहिला पदवीधर. पहिल्या वर्षी वर्गात उत्तर द्यायला उभा राहिलो की मागून हसू यायचं, कारण मी 'पानी' म्हणायचो. सर एकदाही हसले नाहीत. तास संपल्यावर मला थांबवून घ्यायचे आणि माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. "पाणी. आणि. कोणी. पुन्हा म्हणा." मला ते अहोजाहो करत. पुढे डोंबिवलीच्या शाळेत मला विज्ञानशिक्षकाची नोकरी लागली तीही त्यांच्या शिफारशीवर. कोपर बाजूला दोन खोल्या घेतल्या तेव्हा पहिले पाहुणे तेच. अशा माणसाने "कार्यवाह तुम्ही व्हा" म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार?

दर शनिवारी संध्याकाळी सरांच्या नौपाड्यातल्या घरी आम्ही बसायचो. तिसरे होते मानपाड्याच्या एका कारखान्यातले इंजिनिअर, मोठ्या आवाजाचे, थट्टेखोर. चौथ्या नौपाड्यातच दवाखाना असलेल्या डॉक्टरबाई. इंजिनिअरसाहेबांना केंद्र हवं होतं, डॉक्टरबाईंना नको होतं, आणि निमंत्रणपत्रिकेवर काय छापायचं यावरून दोघांनी दोन शनिवार खाल्ले.

"'वीज आणि विकास' असं घाला," इंजिनिअर म्हणाले.

"घाला ना. आणि खाली कंसात 'आजार आपापले' असंही घाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, तुमच्या दवाखान्यातला पंखा कशावर चालतो?"

"तो बंदच असतो. तुमच्या कारखान्यांनी खाल्लेली वीज उरली तर फिरतो."

शेवटी सरांनी सुचवलं, 'अणुवीज केंद्र पुन्हा सुरू होताना : दोन्ही बाजू'. सगळ्यांना पटलं. तेव्हा मी म्हणालो, "सर, तिसरी एक बाजू आहे. केंद्राला लागून जी गावं आहेत, त्यांची." सर माझ्याकडे बघतच राहिले. "बरोबर आहे. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं." आणि कार्यक्रमपत्रिकेत दोन तज्ज्ञांच्या भाषणांनंतर 'ग्रामस्थांचे मनोगत' अशी ओळ घातली गेली. केंद्राचे एक अधिकारीही व्यासपीठावर बसायला तयार झाले होते. प्रश्नांना ते तिथल्या तिथे उत्तर देणार होते. वर्तमानपत्रांचे दोन प्रतिनिधी येणार होते. म्हणजे ग्रामस्थांनी विचारायचं, अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं आणि ते दुसऱ्या दिवशी छापून यायचं, अशी ती योजना होती. मला तिचा अभिमान वाटत होता.

त्या गावांपैकी एक गाव माझं होतं. मी कोळ्याचा मुलगा आहे हे सरांना माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. मी लपवलं नव्हतं. सांगायची वेळ आली नव्हती, एवढंच. आणि ती यावी असा प्रयत्नही मी कधी केला नव्हता.

गावात माझी थोरली बहीण होती. आम्ही तिला बाय म्हणायचो. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. बाय माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिने डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला आणि मला शिकवलं. स्वतः ती शाळेत गेली नाही. माझ्या पदवीचा कागद तिने हातात धरला नाही. हाताला मासळीचा वास आहे म्हणून मला लांबून दाखवायला सांगितला.

ग्रामस्थांपैकी कोण बोलणार हे ठरवायला मी गावी गेलो, तर पुरुषमंडळी पुढे येईनात. काहींची मुलं केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होती. काहींना ठाण्याच्या लोकांपुढे बोलायची भीती. बाय बोंबील निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी बोलतंय. मना काय, कुनी कामावरशी काढनार हाय?"

तिचं म्हणणं अगदी साधं होतं. केंद्रातून गरम पाणी ज्या कालव्याने समुद्रात सोडत, त्याच्या तोंडाशी पूर्वी कोणी जाळी लावत नसे. केंद्र बंद झालं, पाणी थंड झालं, आणि त्या उथळ भागात बोय मासा आणि कोलंबी परत आली. बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी, ज्यांना होडीत जाणं होत नाही त्यांनी, तिथे लहान लहान जाळी लावली. काही महिने घरं त्यावर बरी चालली. आता केंद्र अचानक सुरू झालं आणि पाण्याचा लोंढा आला की ती जाळी जाणार.

"सुरू करा, नाय करा, ते आमी कोन सांगनार," बाय म्हणाली. "पन सुरू करायच्या आधी दोन दिस आमाला सांगा. येक मानूस पाठवा, गावात वरडून जाईल. आमी जाली काढून घेतू. येवढंच."

"एवढंच?" मी म्हणालो.

"येवढंच पुरं हाय. लय मागितलं की कायच देत नाय."

मी तिला भाषण लिहून दिलं. 'सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर' इथून सुरुवात करून एक पान. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पाठ करून घेऊ लागलो. दोन वाक्यांनंतर ती हसत सुटली. "ह्या मान्यवरला बोलता बोलता माजी मासली कुजल. मी माज्या तोंडानं बोलंन." शेजारणी म्हणाल्या, "अगो, माईक असंल तिथं." बाय म्हणाली, "माज्या आवाजाला माईक? माईकच फुटल." आणि खरोखर ती बंदरावर हाक मारायची तेव्हा होडीतल्या माणसाला ऐकू जायची.

मग तिने विचारलं, "सबा कवा हाय?"

मी पत्रिका काढून तारीख सांगितली. रविवार, दुपारी चार.

"वार नको सांगू. तिथ सांग."

मला तिथी माहीत नव्हती. तिच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्याशी गेलो. त्या तारखेच्या चौकोनात काळा भरीव गोल होता. मार्गशीर्षातली अमावस्या.

बायने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "अवस? अरे, अवसला कोन येल?"

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडची मोठी जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जोराची असते, तेव्हाच मासळी भरते. त्या चार-पाच दिवसांत गावातला एकही पुरुष घरी नसतो, आणि दुपारच्या भरतीबरोबर होड्या लागल्या की एकही बाई मोकळी नसते. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. लग्नं, पंचायत, पाहुणे, भांडणं, सगळं भांगावर. हे मला वयाच्या पाचव्या वर्षी ठाऊक होतं. पण डोंबिवलीत बारा-तेरा वर्षं काढल्यावर मी कॅलेंडरात फक्त लाल आकडे बघायला शिकलो होतो.

"पत्रिका छापल्यात?" बायने विचारलं.

"छापल्यात. पण वाटल्या नाहीत. मी तारीख बदलून घेतो. पुढचा रविवार म्हणजे अष्टमीच्या आसपास येतो."

"बदलतील?"

"बदलतील. माझे सर आहेत."

"मंग बरं," ती म्हणाली आणि परत कामाला लागली. शेजारणींना तिने तिथल्या तिथे सांगूनही टाकलं की सभा भांगावर आहे, सगळ्यांनी चला, लुगडी धुऊन ठेवा.

पुढच्या शनिवारी मी नौपाड्याला जरा लवकरच पोचलो, पण सरांकडे इंजिनिअरसाहेब आधीच येऊन बसले होते. डॉक्टरबाई आल्या. चहा झाला. मी म्हणालो, "सर, तारखेचं जरा बघायला हवं. त्या दिवशी अमावस्या आहे. गावची मंडळी अमावस्येला येणार नाहीत."

मग इंजिनिअर मोठ्याने हसले.

"अहो कार्यवाह! सभा अणुशक्तीवर आणि तुम्ही पंचांग काढलंत? राहुकाळसुद्धा बघून घ्या मग."

डॉक्टरबाईही हसल्या. एरवी ही दोघं कशावर एकमत होत नसत. "माइकपुढे नारळ पण फोडू या का? आणि लिंबू-मिरची? विज्ञानाचे शिक्षक ना तुम्ही?"

"तसं नाही," मी म्हणालो.

"मग कसं?" इंजिनिअर म्हणाले. "आपण लोकांच्या मनातली भुतं काढायला सभा घेतोय, आणि अवसेच्या भुताला घाबरून तारीख बदलायची?"

सर हसले नाहीत. ते फार हळुवारपणे म्हणाले, "लोकांच्या समजुती असतात, त्याचा राग धरू नये. पण आपणही त्या पाळायला लागलो तर आपलं शिक्षण कशासाठी?" आणि 'आपलं' म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यात मायाच होती. इतकं शिकवून वर काढलेला विद्यार्थी मागे घसरू नये, अशी.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'सर, ही अंधश्रद्धा नाही, भरती-ओहोटी आहे.' चंद्र-सूर्याच्या ओढीने भरती कशी येते हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. तेच वाक्य माझ्या तोंडातून निघेना. ते निघालं असतं तर पुढचं विचारलं गेलं असतं. तुम्हाला हे कसं माहीत? तुमचं घर तिथलंच का? तुमच्या घरी कोण होडीवर जातं? आणि त्या खोलीत, जिथे मला 'पाणी' म्हणायला शिकवलं गेलं होतं, मी पुन्हा 'पानी' म्हणणारा झालो असतो, असं मला वाटलं. असं प्रत्यक्षात काही झालं नसतं. पण मी तसं समजलो आणि म्हणालो, "ठीक आहे. तीच तारीख राहू द्या."

"शाब्बास," इंजिनिअर म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

गावी जाऊन बायला तोंड दाखवण्याचं धैर्य मला झालं नाही. मी पोस्टकार्ड टाकलं. 'तारीख बदलता येत नाही. बाकीच्यांना जमलं नाही तरी तू ये. तुझ्यासाठी वेळ राखून ठेवली आहे.' ते तिने कोणाकडून वाचून घेतलं असेल, वाचताना आजूबाजूला कोण असेल, ज्यांना तिने लुगडी धुऊन ठेवायला सांगितलं होतं त्या बायकांना ती काय म्हणाली असेल, हे मी पुढे अनेक वर्षं मनात बघत राहिलो. तेव्हा मात्र पत्ता लिहिला आणि कार्ड पेटीत टाकलं.

सभेला गर्दी चांगली झाली. नौपाड्यातली शाळा होती, सभागृह भरलं. उजव्या हाताच्या दोन रांगांवर मी 'ग्रामस्थ' असा कागद लावला होता. त्या रिकाम्या राहिल्या. लोक मागे उभे होते आणि माझ्याकडे बघत होते, त्या खुर्च्या सोडा म्हणून. अर्धा तास मी नाही नाही म्हणत राहिलो. मग कागद काढला.

दोन्ही तज्ज्ञ छान बोलले. केंद्राचे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. प्रश्न आले त्यांना नीट उत्तरं दिली. 'ग्रामस्थांचे मनोगत' आलं तेव्हा सरांनी मला खुणेने विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माईकवरून सांगितलं, "केंद्राजवळच्या गावांतील बंधुभगिनींना आपण आवर्जून बोलावलं होतं. ते येऊ शकलेले नाहीत."

श्रोत्यांतून कोणीतरी म्हणालं, "ज्यांच्या दारात आहे त्यांनाच पडलेली नाही, आपण कशाला घसा कोरडा करतोय?" लोक हसले. डॉक्टरबाई त्यावर उठून म्हणाल्या, "जागृती नाही हो तिकडे. आपल्यालाच करावी लागेल." त्या मनापासून म्हणाल्या. मी व्यासपीठाच्या कडेला बसून इतिवृत्त लिहीत होतो. ते वाक्यही लिहून घेतलं.

समारोपात सर म्हणाले की गावकऱ्यांची काही खास हरकत असती तर ते आलेच असते, असं आपल्याला धरून चालावं लागेल. मग केंद्राने सुरक्षिततेची माहिती लोकांना द्यावी असा ठराव वाचला गेला, टाळ्यांनी मंजूर झाला. अधिकाऱ्यांना पुढे जायचं होतं, ते सर्वांना नमस्कार करून निघाले. वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी त्यांच्याबरोबर बोलत बाहेर पडले. आणि मी आभार मानायला उभा राहिलो.

आभार मानणं माझ्याकडेच असायचं. मी कोणाला विसरत नाही, असं सर म्हणत. शाळेचे मुख्याध्यापक, खुर्च्या लावणारे, ध्वनिक्षेपकवाले, अशी माझी यादी चालली होती, आणि मागच्या दारात बाय दिसली.

अंगावर चांगलं लुगडं होतं, पण केस वाऱ्याने विस्कटलेले. दुपारी होड्या लागल्यावर तिने पाटी शेजारणीवर सोपवली असणार आणि एसटी, मग गाडी, मग स्टेशनपासून विचारत विचारत चालत आली असणार. तिने मला माईकपुढे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. सभा चालू आहे आणि आपण वेळेत पोचलो, असं तिला वाटलं. ती दारातच, कोणाला अडचण होऊ नये अशी अंग चोरून उभी राहिली आणि माझं बोलणं ऐकू लागली.

मी तिथे थांबू शकलो असतो. 'ग्रामस्थ आलेल्या आहेत, त्यांना पाच मिनिटं द्यावीत' एवढंच म्हणायचं होतं. पण आभार सुरू झाल्यावर सभेत कोणी बोलत नसतं, तशी रीत नाही. लोक चपला शोधत होते. सभागृह सहानंतर दुसऱ्यांना दिलेलं होतं, शिपाई दाराशी येऊन उभा होता. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. मी यादी पूर्ण केली. चहावाल्यापर्यंत. मग राष्ट्रगीत झालं. बाय हात जोडून उभी राहिली.

लोक बाहेर पडायला लागल्यावर ती उलटी, गर्दीतून वाट काढत व्यासपीठाशी आली. "माजा नंबर कवा?" तिने विचारलं.

"सभा झाली, बाय."

"झाली?" तिने मागे वळून पाहिलं. अर्ध्या खुर्च्या एव्हाना एकावर एक रचल्या जात होत्या. "मंग तू बोलत होतास ते?"

"ते आभार होते."

सर जवळ आले. "या कोण?"

"माझी थोरली बहीण," मी म्हणालो. "त्याच गावची. तिला बोलायचं होतं."

सरांनी तिला वाकून नमस्कार केला. "ताई, आम्ही तुमची किती वाट पाहिली. एवढा उशीर कसा झाला?"

"आज अवस ना, सायेब. उदानाचं पानी. होऱ्या दुपारी लागल्या. पुरुषमानसं तर मासली टाकून परत दर्यात गेली. मी तरी पाटी टाकून आली."

इंजिनिअरसाहेब तिथेच खुर्च्या रचत होते, त्यांचे हात थांबले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. सर हळूहळू माझ्याकडे वळले.

"तुम्ही हे सांगितलं का नाहीत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. इंजिनिअर कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "अहो, एक शब्द बोलायचात. आम्ही काय वेडे आहोत का? तारीख काय, आठवडाभराने ढकलली असती." डॉक्टरबाईंनी बायचा हात हातात घेतला आणि तिला बसवलं. मला वाटलं होतं की ही माणसं ऐकणार नाहीत. ती माणसं ऐकणारी होती. हे मला आजही सगळ्यात जड जातं.

बायने तिचं म्हणणं त्या तिघांना सांगितलं. आधी दोन दिवस सांगा, एवढंच. सर म्हणाले ठरावात घालू. पण ठराव वाचून मंजूर झाला होता, वर्तमानपत्रवाले तो घेऊन गेले होते, आणि जे सभेत आलंच नाही ते ठरावात घालणं सरांच्याच तत्त्वात बसेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अक्षरात केंद्राला वेगळं पत्र लिहिलं. मी ते रजिस्टर करून पाठवलं. उत्तर आलं नाही. सरांनी आणखी एक पत्र लिहिलं.

फाल्गुनात एका सकाळी शाळेच्या शिक्षकखोलीत वर्तमानपत्र चाळताना आतल्या पानावर चार ओळी दिसल्या, केंद्र पुन्हा सुरू झाल्याच्या. मी रजा टाकून गावी गेलो. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, कालव्याकडे गेलीय.

बाय काठावर फाटकं जाळं पसरून बघत बसली होती, काय वाचवता येतं ते. आजूबाजूला आणखी दोन-तीन बायका तेच करत होत्या. मला बघून त्या उठून जरा लांब जाऊन बसल्या.

"कोणी सांगायला आलं होतं?" मी विचारलं.

"नाय."

"मग कळलं कसं?"

"पायाला पानी ऊन लागलं तवा."

मी तिच्या शेजारी बसलो. कालव्यातून पाणी फेसाळत येत होतं आणि त्याचा आवाज सतत होत होता. मग ती जाळ्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "येक इचारू? तुजं सर चांगलं हायत. मी बगितलं ना. मंग त्यांना तू सांगितलास का नाय?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "लाज वाटली."

तिचा हात थांबला. "माजी?"

"नाही," मी म्हणालो. "नाही गं बाय. तुझी नाही."

"मंग कोनाची?"

ती वाट बघत राहिली, जसं लहानपणी मी पाढ्यात अडखळलो की बघायची. तिला पाढे येत नव्हते, पण मी कुठे अडखळलो ते तिला चेहऱ्यावरून कळायचं. या वेळीही कळलं असावं. तिने पुढे विचारलं नाही. गुंता झालेला जाळ्याचा एक भाग तिने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "हं, ह्यो धर तानून." मी धरला. माझ्या बोटांना ते काम आठवत नव्हतं. थोड्या वेळाने तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, रागाने नव्हे, आणि दुसऱ्या बाईला हाक मारून तिच्याकडे दिला.